गोव्याहून विमानप्रवास: अंतर आणि वेळ काढताना आधी काय, नंतर काय

‘मुंबई साडेपाचशे किलोमीटर, विमान ताशी आठशेनं उडतं, म्हणजे चाळीस मिनिटांत पोचलो.’ दर चवथीच्या आधी म्हापशात हे गणित कुणाच्या तरी तोंडून ऐकायला मिळतंच. मग तिकिटावर सव्वा तास दिसला की विमान कंपनी फसवते असं ठरतं आणि दादरच्या घरी पोचायला पाच तास लागले की ट्रॅफिकला शिव्या बसतात. भागाकार बरोबरच असतो. चुकतं ते त्याच्या आधीचं. साडेपाचशे हे रस्त्याचं अंतर, आठशे हा फक्त वर, आकाशात गेल्यावरचा वेग आणि ‘पोचलो’ म्हणजे नेमकं कुठे, हे कुणी ठरवलेलंच नसतं.

आमच्या इमारतीतली निम्मी तिकिटं माझ्या फोनवरून निघतात, त्यामुळे या चुका मला क्रमवार पाठ झाल्या आहेत. खाली पायऱ्या दिल्या आहेत त्याच क्रमानं जा. एखादी ओलांडून पुढे गेलात तर पुढचा आकडा दिसायला नेटका दिसेल आणि असेल चुकीचा.

तयारी: कागदावर आधी चार गोष्टी

निघण्याचं ठिकाण घरासकट लिहा. ‘गोवा’ नको, ‘काणकोण, चावडी’ असं. पोचण्याचं ठिकाणही तसंच. प्रवासाची तारीख लिहा, कारण परदेशातली घड्याळं आणि वारे दोन्ही तारखेवर बदलतात. तिसरं, सामान विमानाच्या पोटात टाकायचं आहे की हातातच आहे. चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं: हा आकडा तुम्हाला कशासाठी हवा आहे? शाळेच्या प्रकल्पासाठी, तिकिटांची तुलना करायला, की स्टेशनवर न्यायला येणाऱ्या भावाला वेळ कळवायला? तिन्हींची उत्तरं वेगळी येतात.

१. शहर नव्हे, विमानतळ ठरवा

गोव्यात ५ जानेवारी २०२३ पासून दोन विमानतळांवरून प्रवासी विमानं उडतात. वास्कोजवळचा दाबोळी, जो नौदलाच्या तळावर आहे, आणि पेडणे तालुक्यातला मोपा. तिकिटावर दाबोळीचा संकेत जीओआय असतो, मोपाचा जीओएक्स. एका अक्षराचा फरक, आणि दोन्हींच्या मध्ये सरळ रेषेत ४० किलोमीटर. रस्त्यानं त्याहून बरंच जास्त.

पेडणे, डिचोली, बार्देश, शिवाय सीमेपलीकडची सावंतवाडी यांना मोपा जवळ. मुरगाव, सालसेत, केपे, काणकोणवाल्यांना दाबोळी. काणकोणहून मोपा गाठायचा तर रस्ता शंभर किलोमीटरच्या वर जातो, आणि वाटेत मडगाव, पणजी, पर्वरी हे सगळं पार करायचं. तिकीट आठशे रुपयांनी स्वस्त मिळालं म्हणून तिकडे जाणाऱ्यानं टॅक्सीचे पैसे त्याच कागदावर लिहावेत.

पलीकडचं शहरही तपासा. मुंबईच्या जोडीला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन २०२५ मध्ये झालं आहे. दिल्लीसाठी इंदिरा गांधी विमानतळाशिवाय गाझियाबादचा हिंडन आहे. लंडनला तर हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड अशी रांगच.

सावध: जाण्याचा आणि येण्याचा विमानतळ वेगवेगळा वाचा. माझ्या मेव्हण्यानं गाडी दाबोळीला लावली, दिल्लीला गेला आणि परतताना मोपाला उतरला. चूक पूर्णपणे त्याची. तिकिटावर संकेत स्पष्ट छापला होता, पण त्यानं ‘गोवा’ एवढंच वाचलं. रात्री अकराला मोपाहून दाबोळीपर्यंतची टॅक्सी आणि तीन दिवसांचं पार्किंग, असा त्या स्वस्त तिकिटाचा खरा भाव निघाला.

२. कोणतं अंतर हवंय ते ठरवा

अंतरं तीन असतात. रस्त्याचं किंवा रेल्वेचं अंतर विमानाच्या हिशोबात घ्यायचंच नाही. दुसरं हवाई अंतर, म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून दोन विमानतळांमधलं सर्वांत कमी अंतर. तिसरं विमान प्रत्यक्ष उडतं ते. हे दुसऱ्यापेक्षा नेहमी थोडं जास्त भरतं, कारण विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं आणि धावपट्टीच्या दिशेला जुळवून घ्यायला वळसा घेतं.

आपल्याला काढायचं ते दुसरं. तिसऱ्याची भरपाई वेळ काढताना करू.

जाता जाता: रेल्वेच्या तिकिटावरचे किलोमीटरही उचलू नका. कोकण रेल्वेच्या मार्गावर भाडं आकारताना अंतर ४० टक्क्यांनी वाढवून धरायची पद्धत आहे. त्या आकड्यावरून काढलेलं काहीच जुळायचं नाही.

३. हवाई अंतर: जवळच्या शहरांसाठी हातानं

फोनवरच्या नकाशात एका विमानतळावर बोट दाबून धरा, ‘अंतर मोजा’ निवडा, नकाशा सरकवत दुसऱ्या विमानतळावर न्या. काम झालं. पण निदान एकदा हातानं करून बघा. म्हणजे फोननं चुकून रस्त्याचं अंतर दाखवलं तर डोळ्यांना खटकेल.

लागणारे अक्षांश-रेखांश, दशांशात:

दाबोळी १५.३८ उत्तर, ७३.८३ पूर्व
मोपा १५.७३, ७३.८७
मुंबई १९.०९, ७२.८७
बंगळुरू १३.२०, ७७.७१
दिल्ली २८.५७, ७७.१०
दुबई २५.२५, ५५.३६

दाबोळी ते दिल्ली करू.

पहिलं: अक्षांशांतला फरक १३.१९. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणून १३.१९ × १११ = १,४६४.

दुसरं: रेखांशांतला फरक ३.२७. इथे नुसतं १११ नं गुणून चालत नाही. उत्तरेकडे जावं तशी रेखावृत्तं एकमेकांजवळ येतात, म्हणून दोन्ही अक्षांशांच्या सरासरीचा कोसाइन घ्यावा लागतो. सरासरी २२ अंश, कोसाइन ०.९२७. गुणाकार ३.२७ × १११ × ०.९२७ = ३३६.

तिसरं: दोन्हींचे वर्ग करून बेरीज, तिचं वर्गमूळ. उत्तर १,५०२ किलोमीटर.

कॅल्क्युलेटरवर कोसाइन नसेल तर १५ अंशाला ०.९७, २० ला ०.९४, २५ ला ०.९१ आणि ३० ला ०.८७ धरा. आपल्या देशापुरतं एवढं पुरतं.

याच रीतीनं दाबोळी–मुंबई सुमारे ४२५, दाबोळी–बंगळुरू ४८३, दाबोळी–दुबई २,२१० किलोमीटर येतं. मोपाहून मुंबई आणि दिल्ली साधारण ४० किलोमीटरनं जवळ.

सावध: अंश-मिनिटं आणि दशांश यांची गल्लत ही इथली सगळ्यात मोठी चूक. माझी भाची बारावीला आहे, गणितात हुशार. तिनं कुठूनतरी मोपाचे १५ अंश ४४ मिनिटं, ७३ अंश ५२ मिनिटं असे आकडे आणले आणि वहीत लिहिलं १५.४४, ७३.५२. मी नकाशावर तो बिंदू लावून दाखवला. मोपा विमानतळ अरबी समुद्रात, मुरगाव बंदराच्याही पलीकडे तरंगत होता. मिनिटांना ६० नं भागायचं असतं: ४४ भागिले ६० म्हणजे ०.७३, ५२ भागिले ६० म्हणजे ०.८७. म्हणून १५.७३, ७३.८७. आकडे हिशोबात घेण्याआधी नकाशावर टाकून बघायची सवय तिला तेव्हापासून लागली.

ताळा: आलेलं हवाई अंतर रस्त्याच्या अंतरापेक्षा कमीच असलं पाहिजे. जास्त आलं तर आकडे लिहिताना कुठेतरी चूक झाली आहे.

४. लांबच्या पल्ल्याला ही रीत सोडा

वरची रीत पृथ्वीचा तेवढा तुकडा सपाट धरते. दुबईपर्यंत ती मजेत चालते. लंडनला मात्र फसते. दाबोळी ते गॅटविक तिनं जवळपास ७,९३५ किलोमीटर येतात, खरं हवाई अंतर ७,५७० च्या आसपास आहे. साडेतीनशेच्या वर किलोमीटर हवेतच निर्माण झाले.

इंग्लंडमधल्या स्विंडनला नातेवाईक असलेल्या घरांसाठी सूत्र असं. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांच्या फरकाच्या कोसाइननं गुणा. दोन्ही उत्तरांची बेरीज करा आणि कॅल्क्युलेटरवर तिचा उलटा कोसाइन काढा. येईल तो कोन अंशांत, त्याला १११.२ नं गुणलं की किलोमीटर. गॅटविक ५१.१५ उत्तर आणि ०.१९ पश्चिम आहे. पश्चिम रेखांश उणे धरायचा, म्हणून फरक ७३.८३ मधून वजा न होता त्यात मिळवला जातो: ७४.०२. बेरीज ०.३७३, कोन ६८.१ अंश.

सावध: कॅल्क्युलेटर अंशांवर आहे ना ते बघा. रेडियनवर राहिला तर उत्तर हास्यास्पद येईल, आणि ते चांगलंच, कारण निदान कळतं तरी.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून लंडनचं अंतर मोजू नका. घरात पृथ्वीगोल असेल तर दोरा ताणून धरा. तो नकाशावरच्या सरळ रेषेच्या बराच उत्तरेकडून जातो, आणि तोच जवळचा मार्ग.

५. अंतरावरून वेळ

इथे लोक सर्वाधिक घाई करतात. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ उंचावर स्थिरावल्यावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास उडतं. पण ते गेटवरून मागे ढकललं जातं, धावपट्टीपर्यंत सरपटतं, रांगेत थांबतं, चढताना आणि उतरताना हळू असतं. मुंबईला जाताना तर चढणं संपतं न संपतं तोच उतरणं सुरू होतं. सरबताचा ट्रे मागे पोचेपर्यंत पुढचा गोळा करायला घेतात, यातच काय ते आलं.

तिकिटावरचा कालावधी गेट ते गेट असतो. त्यासाठी माझा ठोकताळा:

किलोमीटर भागिले ८००, अधिक ४० मिनिटं.

मुंबई: ४२५ भागिले ८०० म्हणजे ३२ मिनिटं, अधिक ४०, एकूण १ तास १२ मिनिटं. बंगळुरू १ तास १६. दिल्ली २ तास ३३. दुबई ३ तास २६. तिकिटावरच्या वेळा यांच्या दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे सापडतील, आणि शक्यतो पुढेच, कारण उशिराचा शिक्का बसू नये म्हणून कंपन्या वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवतात. म्हणूनच विमान वीस मिनिटं उशिरा सुटूनही कधी कधी वेळेवर लागतं.

तिकिटावर विमानाचा प्रकार एटीआर लिहिला असेल तर हिशोब बदला. पंख्याचं विमान आहे ते, ताशी ५०० च्या आसपास चालतं. किलोमीटर भागिले ५००, अधिक अर्धा तास धरा.

सावध: दशांश तास म्हणजे मिनिटं नव्हेत. १,५०२ भागिले ८०० केलं की १.८८ येतं. हे ‘एक तास अठ्ठ्याऐंशी मिनिटं’ नाही. ०.८८ ला ६० नं गुणा, ५३ मिनिटं. २.४५ तास म्हणजे पावणेतीन नव्हे, दोन तास सत्तावीस मिनिटं. चांगले शिकलेले लोक इथे पाय घसरून पडलेले मी पाहिले आहेत.

सावध: परदेशी तक्त्यांत अंतर सागरी मैलांत आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत असतो. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटर, जमिनीवरचा मैल १.६०९. अंतर मैलांत आणि वेग किलोमीटरमध्ये घेतलात तर दिल्ली पावणेदोन तासांत येईल.

६. वारा आणि हवाई हद्द

देशातल्या उत्तर-दक्षिण प्रवासाला वाऱ्याचा फारसा फरक पडत नाही. पश्चिमेला युरोपकडे जाताना पडतो. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि हिवाळ्यात आणखी जोर धरतात. त्यामुळे लंडनला जाताना लागतो त्यापेक्षा येताना अर्धा ते एक तास कमी लागतो. जाण्याचा वेळ दुप्पट करून फेरीचा वेळ काढू नका.

हवाई हद्द बंद झाली की अंतर तेच राहतं, उडण्याचा मार्ग लांबतो. २०१९ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं हद्द बंद केली तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडला. गोव्याहून दुबईला जाणारं विमान समुद्रावरूनच जातं, त्याला तितकी झळ नाही. म्हणून सूत्रानं आलेली वेळ आणि तिकिटावरची वेळ यांत तासाभराचा फरक दिसला तर गणित फाडायच्या आधी मार्ग बघा.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी दिल्लीला उतरायचं असेल तर धुक्याचा उशीर कोणत्याही सूत्रात बसत नाही. दुपारचं विमान घ्या.

७. तिकिटावरची घड्याळं वाचणं

सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावाची, पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावाची. हे एकच वाक्य विसरल्यामुळे ‘दुबई दोन तासांवर’ हा समज पसरला आहे. समजा विमान गोव्याहून पहाटे ४ ला सुटून दुबईला ५:५० ला पोचतं. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. १ तास ५० अधिक १ तास ३०, म्हणजे प्रवास ३ तास २० मिनिटांचा. येताना तोच दीड तास वजा करायचा.

दोहा आणि कुवेत अडीच तास मागे. मस्कत दुबईसारखंच दीड तास. लंडन मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास मागे, एरवी साडेपाच. तारीख आधी लिहून ठेवायला सांगितलं ते यासाठी.

ताळा: घड्याळांचा फरक धरून आलेला कालावधी पायरी ५ मधल्या उत्तराजवळ यायला हवा. दुबईला ३:२० आणि ३:२६, जुळलं. ६:२० आलं तर येतानाच्या हिशोबात वजा करायचं ते मिळवलंत किंवा मधे थांबा आहे.

सावध: मध्यरात्रीची तारीख. आखाताकडची बरीच विमानं रात्री उशिरा किंवा पहाटे सुटतात. तिकिटावर ‘१२ तारीख, ००:४०’ असेल तर घरातून ११ तारखेला रात्री निघायचं. १२ ला रात्री जेवून निघणाऱ्याचं विमान तोवर वीस तासांपूर्वी गेलेलं असतं.

८. मधे थांबा असेल तर

दोन्ही तुकडे वेगळे काढा, मग बेरीज. गोवा–मुंबई–दुबई: ४२५ अधिक १,९३०, म्हणजे २,३५५. थेट मार्गापेक्षा जेमतेम दीडशे किलोमीटर जास्त, मुंबई वाटेवरच आहे. बंगळुरूमार्गे तेच ३,१८५, कारण आधी उलट्या दिशेनं जायचं. दिल्लीमार्गे जवळपास ३,७००. स्वस्त तिकीट दिल्लीमार्गे दिसलं की हे आकडे आठवा.

४० मिनिटं दर उड्डाणाला वेगळी मिळवायची, एकदाच नव्हे. थांब्याचा वेळ त्याशिवाय. मुंबईत टर्मिनल १ वरून २ वर जायचं असेल तर तो रस्त्याचा प्रवास आहे. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर सामान घेऊन पुन्हा काउंटरवर रांग लावावी लागते. अशा वेळी तीन तासांखाली थांबा मी कुणालाही घेऊ देत नाही.

९. घरापासून घरापर्यंत

आता भावाला सांगायची वेळ. हे उलटं काढायचं, विमान सुटण्याच्या वेळेपासून मागे.

मोपाहून मुंबईचं विमान १०:३० चं आहे, घर म्हापशात, जायचं दादरला, सोबत पोटात टाकायची एक बॅग. देशांतर्गत विमानांचं काउंटर बहुतेक कंपन्या सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद करतात, म्हणजे ९:३०. रांग धरून पावणेनऊला विमानतळावर हवं. म्हापसा ते मोपा एरवी पाऊण तासाच्या आत होतं, पण आठलाच निघायचं. विमान ११:४५ ला लागेल. पट्ट्यावरून बॅग येईपर्यंत सव्वाबारा. तिथून दादर टॅक्सीनं पाऊण ते एक तास. भावाला सांगा: एक ते सव्वा. आठपासून सव्वापर्यंत सव्वापाच तास, त्यांतलं उडणं सव्वा तासाचं.

पणजीहून निघणाऱ्यांनी पर्वरीच्या रस्त्यासाठी अर्धा तास जास्त धरा. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसनं जायचं असेल तर बसची वेळ आधी बघा आणि तिच्यावरून विमान निवडा, उलट नको.

हाच हिशोब रेल्वेशी लावून बघा. मडगाव–मुंबई वंदे भारत पावसाळी वेळापत्रक नसताना पावणेआठ तासांच्या आसपास घेते, थिवी आणि दादर दोन्हीकडे थांबते. म्हापशाच्या माणसाला थिवी स्टेशन जवळ. म्हणजे खरा फरक दोन-अडीच तासांचा. आमच्या शेजारच्या काकूंनी हा कागद नीट वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, ‘मग फणस कोण नेऊ देणार विमानात? थिवीचंच तिकीट काढ.’